मागच्या दाराची वाट

मी कुंजिपेण्णु, कोच्चुरामन यांची विधवा, वय चौऱ्याहत्तरच्या आसपास, धंदा पूर्वी काजूबिया फोडणे व सध्या ओसरीवर पडून राहणे, राहणार पुत्तनकडवु, अष्टमुडी तळ्याचा काठ, जिल्हा कोल्लम, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय व्हावं ते आज राजीखुशीने सांगत आहे. लिहून घेत आहेत दस्तलेखक माधवन पिल्लै. मला कोणी दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही, आणि लावायला कोणी आलंच तर तोच पस्तावेल.

नावाबद्दल थोडं. कुंजिपेण्णु म्हणजे लहानगी पोर. आमच्यात मुलीच्या नावासाठी कोणी फारसं डोकं चालवत नसे. शाळेत गेले असते तर मास्तरांनी एखादं बरं नाव चिकटवलं असतं. गेले नाही, म्हणून दात पडले तरी लहानगी पोरच राहिले आहे.

जात पुलय, पूर्वीच्या अस्पृश्यांतली. पिल्लै म्हणाले, "अम्मा, आता दस्तात जात लिहीत नाहीत." म्हटलं, लिहा. काजूच्या कारखान्यानेही ती कधी लिहिली नाही, पण कोणाला कुठल्या दाराने आत घ्यायचं यात त्यांची एकदाही चूक झाली नाही.

मन शाबूत असल्याबद्दल. दुपारची पेज पिऊन मी ओसरीवर कलंडते. डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या वाटेवरून माझ्याबरोबर कारखान्यात बिया फोडणाऱ्या बाया जायला लागतात. पुढे अळकी, तिच्यामागे चक्की, मग सगळ्या. हातात डबा, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत राख फासलेली, कारण टरफलाचं तेल कातडी जाळतं आणि राख लावली की जरा कमी जाळतं. सगळ्या मेलेल्या आहेत. कोणाची सावली पडत नाही, पण डब्यांची झाकणं वाजतात. अळकी तेवढी मान वळवून म्हणते, "ऊठ गं, उशीर झाला." मी म्हणते, "अगं वेडे, कारखाना बंद आहे." ती हसते आणि पुढे जाते.

पिल्लैंनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, हे लिहिलं तर तुमचं डोकं ठिकाणावर होतं असं कोण मानेल?"

"दोन्ही लिहा. डोकं ठिकाणावर आहे आणि त्या दिसतात."

"कोर्टात विचारतील."

"कोर्टाला दुपारी कधी डुलकी येत नाही का?"

त्यांनी लिहिलं. मुकाट लिहिणारा दस्तलेखक मिळायला नशीब लागतं.

मिळकतीचं वर्णन येणेप्रमाणे. झोपडीच्या जागेच्या हक्काने मिळालेली दहा सेंट, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा, जमीन, तीवर दोन खोल्यांचं कौलारू घर, विहीर, नारळी, एक नीरफणस. पूर्वेस सार्वजनिक रस्ता. दक्षिणेस दुसऱ्याची नारळीची बाग. पश्चिमेस तळं. उत्तरेस काजू कारखान्याची मागची भिंत व तिच्यात एक लोखंडी दार. रस्त्यापासून त्या दारापर्यंत माझ्या जमिनीतून जाणारी वाट, रुंदी दोन बाया डबे घेऊन जोडीने चालतील एवढी. दुसरीकडून त्या दाराला पोचता येत नाही.

कलम पहिले. घर शीजा आणि सुगतन या दोघांच्या नावे करावं. शीजा माझी सून, सुगतन माझा मुलगा. शीजाचं नाव आधी. सुगतनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आई, पुरुषाचं नाव आधी लिहायची पद्धत आहे." हा इमारतींना रंग देतो. त्याच परातीवर चढून सिमेंटची घमेली वाहणाऱ्या बाईला त्याच्या निम्मी मजुरी मिळते. मी एकदा विचारलं, का रे? तर म्हणाला, "ती बाई आहे ना." जसं काही मी विचारलं होतं ती कोण आहे! घराच्या भिंतीला चुना मात्र दर ओणमला शीजा मारते, फुकट. तेव्हा नाव तिचं आधी. यात फेरफार नाही.

परात नव्हे, परांची. पिल्लैंनी सुधारलं. डुलकीत बोलले.

कलम दुसरे माझ्या नवऱ्याबद्दल आहे. मेलेल्या माणसाला काही देता येत नाही असं पिल्लै म्हणतात. मला द्यायचं नाहीच, नोंदवायचं आहे. कारखाना बांधला तेव्हा पुढचं दार मोठ्या रस्त्याला काढलं, व्हरांडा, जास्वंदीची रांग, हजेरीचं टेबल. त्या दाराने वरच्या मजल्यावर काजूगर निवडणाऱ्या बाया यायच्या. नायर, पिल्लै, थोड्या ख्रिस्ती. नेसायला पांढरं मुंडू, पांढरी नखं, बसायला बाक. आम्ही फोडणाऱ्या खाली, जमिनीवर उकिडव्या. मालक म्हणाला, यांच्या हातांच्या तेलाने व्हरांड्याला डाग पडतील. अहो, सकाळी येताना कुठलं तेल? तेल तर तुमच्याच कारखान्यात लागायचं! पण मालकाला मागचं दार हवं होतं आणि मागे आमची जमीन होती. कोच्चुरामन म्हणाला, "जाऊ द्या माझ्या दारातून." तोंडी. बदल्यात त्याला भट्टीवर काम मिळालं.

आता हे नीट लिहा. भट्टीवरचे पुरुष हजेरीवर होते. आला, दिवस भरला, मजुरी मिळाली. निवडणाऱ्यांना वजनावर मजुरी आणि वर हजेरीचा भत्ता. फोडणाऱ्यांना नुसता तराजू. अख्खा गर तेवढा आमचा, तुकडा पडला की वजनातून वजा. आणि गर कधी तुटतो? बी भट्टीत करपली की. करपवायचा माझा नवरा आणि कापले जायचे माझे पैसे. संध्याकाळी मी म्हणायचे, "अहो, आज आच फार झाली." तो उकडलेला कप्पा कंद आणि तारली खात म्हणायचा, "मला काय त्याचं? माझी हजेरी लागली." वाईट नव्हता तो. ताटातली मोठी तारली माझ्याकडे सरकवायचा. पण ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि माझ्याच जमिनीवरच्या वाटेने मी आयुष्यभर तराजूकडे गेले हेही नाही.

मग किमान वेतन आलं. युनियनच्या सभेत कॉम्रेड म्हणाले, पुरुषांचं काम जड, बायांचं हलकं, त्याप्रमाणे दर ठरले. मी उभी राहिले. "हलकं म्हणजे काय?"

"बसून करतात ते."

"मग कॉम्रेड, तुम्हीपण दिवसभर बसूनच करता की."

बाया एवढ्या हसल्या की सभा चहासाठी सोडावी लागली. दर मात्र बदलला नाही.

कलम तिसरे. लाकडी मोगरी आणि फोडायचा दगड. हे दोन्ही, तेलाच्या डागांसकट, पिल्लैंच्या आई भारती अम्मा यांना. त्या वर निवडायच्या. त्याच सभेत त्या म्हणाल्या होत्या, "यांचं काम अंगमेहनतीचं, आमचं नजरेचं." त्यांनी एक मूठभर बिया फोडून बघाव्यात. रागाने देत नाही. भारती अम्मांनी लपवून आमच्या पोरांना लिंबाचं लोणचं दिलेलं आहे, जिन्यावरून खाली टाकून. हातात नाही दिलं, पण दिलं.

पिल्लै लिहिता लिहिता थांबले. "माझ्या आईला साक्षीला आणणार होतो."

"मग?"

"मृत्युपत्रात जिला काही मिळतं तिने साक्षी न राहिलेलं बरं."

"दुसरी शोधा. मोगरी तिलाच."

त्यांनी मान खाली घातली, पण मिशीत हसले. आईला ओळखून आहेत.

कलम चौथे. माझी मुलगी लतिका, राहणार मस्कत, हिला तिचं दहावीचं सर्टिफिकेट काचेसकट परत द्यावं. भिंतीवर त्या जागी चुना मारावा.

आम्हा फोडणाऱ्यांच्या पोरांत दहावी होणारी ती पहिली. मी तिला पहाटे उठवताना रोज एकच सांगायचे, "मोळे, पोरी, शीक, म्हणजे पुढच्या दाराने जाशील." ती शिकली. निवडायच्या विभागात जागा निघाली तेव्हा निळी रिबीन बांधून गेली, सर्टिफिकेट छातीशी धरून. मुकादम करुणनने कागद बघितला, चांगला वाचला, आणि विचारलं, "आई कुठल्या दाराने येते?" बस, तेवढंच. दुपारी ती माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. नजर वर केली नाही. तिने त्या दिवशी ज्या बिया फोडल्या त्या सगळ्यांचे तुकडे झाले, मला वाटतं मुद्दाम. संध्याकाळी विहिरीवर हात घासघासून धुतले आणि म्हणाली, "आई, पुन्हा नाही." नंतर ती परदेशात घरकामाला गेली. तिथे शेजारच्या घरात तेच काम करणारी दुसऱ्या देशाची बाई हिच्यापेक्षा जास्त घेते. का, तर म्हणे पासपोर्ट बघून पगार ठरतो. फोनवर लतिका म्हणाली, "आई, इथेपण दारं आहेत गं, फक्त दिसत नाहीत." मला रडू आलं. मी फोन शीजाकडे दिला.

लतिकाला आणखी एक द्यायचं आहे. माझं स्वप्न. पिल्लै म्हणतात, जंगम मालमत्तेत ते बसत नाही. बसवा. हे मला पुष्कळ वर्षं पडतं आहे, माझ्यापाशी जपून ठेवलेलं आहे, तेव्हा माझंच आहे. त्यात कारखाना तळ्याच्या पाण्याखाली असतो. पाणी कोमट, हिरवं. आम्ही सगळ्या पुढच्या दाराने पोहत आत जातो, वरच्या आणि खालच्या एकत्र, केस मोकळे सुटलेले. हातांना राख नाही. छोटे मासे बोटांमधून जातात. करुणन टेबलाशी बसलेला असतो आणि काहीतरी विचारतो, पण त्याच्या तोंडातून नुसते बुडबुडे येतात. आम्ही एकमेकींना विचारतो, काय म्हणतोय गं हा? कोणालाच कळत नाही. मग लतिका, निळ्या रिबिनीची, त्याच्या डोक्यावरून हळूच पोहत वर निघून जाते. हे तिला द्यावं. तिकडच्या उकाड्यात झोप लागत नाही म्हणते, तेव्हा कामाला येईल.

इथे मी थोडी झोपले. पिल्लैंनी चहा घेतला.

कलम पाचवे, वाटेबद्दल. हे महत्त्वाचं आहे, म्हणून पेन भरून घ्या.

मागे वेतन वाढलं तेव्हा मालकाने परवडत नाही म्हणून कुलूप लावलं आणि तमिळ मुलखात निघून गेला. बाया घराघरांतल्या शेडांमध्ये बिया फोडू लागल्या. तिथे ना हजेरी ना विमा, वेतनाचं तर नावच नको. शीजाही तिथेच फोडते. बारावी झालेली आहे, टायपिंग येतं. आता कारखाना भाड्याने घेतलेल्या माणसांचा मॅनेजर बेन्सन आला. पायांत पॉलिशचे बूट, पण ओसरीच्या पायरीवर बसला, हे कबूल करते.

"अम्मा, कारखाना पुन्हा सुरू करतोय. तेवढी वाट लिहून द्या. योग्य किंमत देऊ, आणि शीजाला सुपरवायझर करू. महिन्याचा पगार, विमा, पुढच्या दाराने ये-जा."

"शीजा पुढच्या दाराने, मग मागच्या दाराने कोण?"

"बंगालकडच्या बाया. ठेकेदार आणणार. त्यांचं सगळं तोच बघतो."

"हजेरी?"

"त्यांना कशाला हजेरी? हजेरीचं टेबल पुढे असतं ना."

"आणि तपासणीचे साहेब आले तर?"

तो हसला. "तेपण पुढच्याच दाराने येतात, अम्मा."

खरं आहे त्याचं. सरकार किमान वेतन ठरवतं, पण ते पुढच्या दाराशी बसलेलं असतं. मागच्या दाराने गेलेली बाई त्याला दिसत नाही. पिल्लैंनी मला सांगितलं की वाट तोंडी परवानगीने दिलेली आहे, तिच्यावर कारखान्याचा हक्क जडत नाही. म्हणून तर बेन्सनला सही हवी आहे. मी म्हटलं, विचार करते.

शीजाने काही मागितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने खळ घातलेली सुती साडी दोरीवर वाळत घातली, क्रीम रंगाची, हिरव्या काठाची. वारा नव्हता तरी मला ती साडी हलताना दिसत होती. आतून तीच चालत होती तिच्यात. सुगतन दोनदा म्हणाला, "आई, सही कर की. आपल्या घरातलं माणूस खुर्चीवर बसेल." ते ऐकून मला कोच्चुरामनचा आवाज आला. तोही असंच म्हणाला होता, आपल्या घरातलं माणूस हजेरीवर जाईल.

पुष्पांगदनच्या चहाच्या दुकानावरच्या खोलीत त्या बंगालकडच्या बाया येऊन राहिल्या आहेत. त्यांतली रुबिना बीबी पाणी मागायला आली. मुर्शिदाबादकडची. मोडकंतोडकं मल्याळम बोलते, सगळ्या बायांना चेच्ची, म्हणजे ताई, म्हणते. माझे हात बघितले आणि विचारलं, "चेच्ची, हे तेलाने?"

"तेलाने. किती देणार म्हणाले तुला?"

तिने आकडा सांगितला. दारात उभी असलेली शीजा एकदम म्हणाली, "एवढंच? शेडमध्येपण मला याहून जास्त मिळतात!"

"का गं कमी?" मी विचारलं.

रुबिना म्हणाली, "ठेकेदार बोलला, तुम्ही लांबून आलात म्हणून."

"लांबून आलेल्याला तर जास्त द्यायला हवं!" मी म्हटलं. ती खूप हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, आणि मग पाणी प्यायली. शीजा हसली नाही. ती आत गेली.

त्या दुपारी वाटेवरून बाया गेल्या तेव्हा ओळीत शेवटी रुबिना होती. तिची सावली पडत होती. अळकीने या वेळी मला ऊठ म्हटलं नाही. नुसती बघत राहिली. मी जागी झाले आणि लगेच पिल्लैंना बोलावणं धाडलं.

तरी वाट शीजाच्या मालकीची करावी. ती विकू नये, भाड्याने देऊ नये, कोणालाही लिहून देऊ नये. पण अशा अटी माणसं मोडतात, पिल्लैंनीच सांगितलं. म्हणून,

कलम सहावे. मला जाळू नये. आमच्यात पुरतात. नवरा घरामागे नारळीच्या बुंध्याशी आहे, माझी जागा त्याच्या शेजारी असं सगळे धरून चालले आहेत. तिथे नको. मला त्या वाटेवर, कारखान्याच्या मागच्या लोखंडी दारासमोर, वाटेच्या मधोमध पुरावं आणि वर सिमेंटचा चौथरा बांधावा. मेलेल्या बाईच्या छातीवर पाय देऊन तराजूकडे जायला कोणी सांगणार नाही. मग कारखाना चालवायचा असेल त्यांनी सगळ्यांना मोठ्या रस्त्याने, जास्वंदीजवळून, हजेरीच्या टेबलासमोरून न्यावं. रुबिनालाही.

हे कलम आधी असं नव्हतं. मी "वाटेच्या कडेला" असं सांगितलं होतं. एका बाजूने माणूस सरकून जाईल एवढी जागा सोडली होती. पुढचं शीजाने ठरवावं म्हणून. तिच्या साडीवरून चालत जाऊन मरणं माझ्या जिवावर आलं होतं. मी तिला हाक मारली. ती विहिरीशी तारल्या साफ करत होती, हात खवल्यांनी भरलेले. म्हटलं, पिल्लै, वाचून दाखवा हिला.

त्यांनी वाचलं. मांजराने एक तारली उचलली, तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे खुर्ची गेली," ती म्हणाली.

"गेली."

"बेन्सन सर मला पुढच्या दारात उभंसुद्धा करणार नाही."

"नाही करणार बहुतेक."

ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात चांगले नव्हते, म्हणून तसंच वाहू दिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. मग ती बोलली, आणि रागानेच बोलली.

"आणि कडेला कशाला, अम्मा? कडेला पुरलं तर उरलेल्या बाजूने वाट काढतील. मधोमध पुरायचं."

तरी सदर कलमातील "कडेला" हा शब्द खोडून "मधोमध" असा केला आहे. ही दुरुस्ती शीजाने सुचवलेली असून ती मला पूर्णपणे मान्य आहे.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. करायला काही नव्हतं. वरील सर्व मजकूर पिल्लैंनी मला सावकाश वाचून दाखवला, तो मी जागेपणी ऐकला व बरोबर आहे. माझ्या अंगठ्याच्या रेषा तेलाने गेल्या आहेत, ठसा कोरा येतो, म्हणून साक्षरता वर्गात शिकलेली सही खाली साक्षीदारांच्या समक्ष केली आहे व त्यांनी माझ्या समक्ष.

ठिकाण: पुत्तनकडवु, जिल्हा कोल्लम
कुंभम महिन्याची अकरावी तारीख, कोल्लम वर्ष ११९४, म्हणजे २३ फेब्रुवारी २०१९

(सही) कुंजिपेण्णु

साक्षीदार:
१. (सही) पुष्पांगदन, चहाचं दुकान, पुत्तनकडवु
२. (सही, बंगालीत) रुबिना बीबी, मूळ जिल्हा मुर्शिदाबाद, हल्ली मुक्काम पुष्पांगदनच्या दुकानावरची खोली

लिहिणार: माधवन पिल्लै, दस्तलेखक